जुन्या गाडीत कोणतं कूलंट आहे, ते कसं ओळखायचं आणि कसं बदलायचं? मे महिन्याआधी करून घ्या हे काम

काटोल (वार्ताहर) : होळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक चित्र हमखास दिसते. गाडी कडेला, बोनट उघडं, आतून वाफ निघते आहे आणि ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन उभा. मृग बहाराचा संत्रा कळमन्याला नेणारी पिकअप असो, वऱ्हाड घेऊन निघालेली सुमो असो, की घरची जुनी मारुती असो. गाडी बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षांची असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली असते. रेडिएटरमध्ये कूलंट आहे की नुसतं बोअरचं पाणी, आणि कूलंट असेल तर कोणतं, हे मालकालाही माहीत नसते.

एमएच ३१, एमएच ४० आणि एमएच ४९ पाटीच्या अशा हजारो जुन्या गाड्या तालुक्यांत रोज चालतात. शेतकऱ्याच्या घरी नवी गाडी घेणे सोपे नाही, म्हणून आहे तीच टिकवावी लागते. इंजिन एकदा जास्त गरम झाले की हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, फेसिंग करावे लागते, आणि अगदीच वाईट झाले तर इंजिन जाम होते. काही शेकडा रुपयांच्या कूलंटसाठी हजारोंचा खर्च अंगावर येतो, आणि तोही ऐन हंगामात. म्हणून ही माहिती एकाच ठिकाणी देत आहोत.

कूलंट कायले पाह्यजे? पाणी चालत नाही का?

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक गॅरेजवर ऐकू येतो. इथे बर्फ पडत नाही, मग न गोठणारं पाणी कशाला, असं लोक म्हणतात. पण न गोठणे हा कूलंटचा एक गुण झाला. आपल्याला उपयोगाचे गुण दुसरे आहेत.

पहिला म्हणजे उकळण्याचा. साधं पाणी १०० अंशाला उकळते. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल नावाचं द्रव्य. त्यात निम्मं पाणी मिसळलं की ते मिश्रण १०७ अंशाच्या आसपास उकळते. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे हा आकडा आणखी वर जातो. ०.९ दाबाचं चांगलं झाकण असेल तर साधं पाणी साधारण ११८ अंशाला आणि निम्मं-निम्मं मिश्रण १२५ च्याही पुढे उकळते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबरी रस्त्यावरची हवा त्याहून गरम असते. अशा वेळी हेच आठ-दहा अंश गाडी घरी आणतात.

दुसरा गुण गंज थांबवण्याचा. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड कधी ॲल्युमिनियमचं, रेडिएटर जुना असेल तर पितळ-तांब्याचा. इतके धातू एका पाण्यात आले की गंज आणि झीज सुरू होते. कूलंटमधली औषधं ती रोखतात.

तिसरा गुण क्षाराचा थर न धरण्याचा. आपल्या भागातलं बोअरचं आणि विहिरीचं पाणी बऱ्याच गावांत जड आहे. घरच्या पाणी तापवायच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसते, पण गाडी चढावर गरम होते.

रंगावर जाऊ नका

"हिरवं होतं, हिरवंच टाकलं" असं अनेक जण सांगतात. कूलंटला स्वतःचा रंग नसतो. कंपनी त्यात रंग टाकते आणि कोणत्या प्रकाराला कोणता रंग हे सगळ्या कंपन्यांत सारखं नाही. म्हणून रंगावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. प्रकार साधारण असे :

• जुन्या पद्धतीचं कूलंट : बहुतेक हिरवं. यात सिलिकेटसारखी गंजरोधक द्रव्यं असतात. ती लवकर संपतात, त्यामुळे दोन वर्षांत किंवा साधारण ४० हजार किलोमीटरला बदलावं लागते. पितळी रेडिएटरच्या जुन्या गाड्यांना हे मानवते.

• सेंद्रिय आम्लाचं, म्हणजे ओएटी : बहुतेक नारिंगी, लाल किंवा गुलाबी. पाच वर्षांपर्यंत टिकते. नव्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या गाड्यांसाठी आहे.

• मिश्र प्रकार, म्हणजे एचओएटी : पिवळं, निळं, गुलाबी, हिरवं, कोणतंही असू शकते. जपानी तंत्राच्या गाड्यांत फॉस्फेट असलेला प्रकार वापरतात.

जुन्या हिरव्यात नारिंगी मिसळलं तर लगेच स्फोट वगैरे होत नाही. पण दोघांची औषधं एकमेकांना निकामी करतात, टिकण्याची मुदत घटते आणि काही वेळा आत चिखलासारखा गाळ धरतो. तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्या बंद करतो.

आपल्या गाडीत काय आहे, हे ओळखायच्या पायऱ्या

सगळ्यात आधी एक गोष्ट. तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली असलेलं पाणी झाकण सैल होताच उकळून तोंडावर येते. आणि कूलंट कधीही चाखून पाहू नका. ते गोड लागते, पण विष आहे.

१) पुस्तक पाहा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात कूलंटचा प्रकार आणि किती लिटर लागते ते दिलेलं असते. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडीचं मॉडेल आणि साल सांगून विचारा. काही गाड्यांत टाकीच्या झाकणाजवळ स्टिकर असते.

२) रेडिएटर कोणता ते पाहा. वरची टाकी धातूची, काळा रंग दिलेली आणि सांध्यांवर डाग मारलेला दिसत असेल तर तो पितळ-तांब्याचा. टाकी प्लॅस्टिकची आणि मधली जाळी चकचकीत पांढरट असेल तर ॲल्युमिनियमचा. मूळ पितळी रेडिएटर असेल तर त्याच्या डागाला जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट जास्त सुरक्षित.

३) काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरा.
• स्वच्छ, रंगीत आणि बोटांना किंचित चिकट लागते : कूलंट आहे.
• रंग फिका आणि पाण्यासारखं पातळ : कोणीतरी वरून पाणीच ओतत आले आहे.
• तांबूस-तपकिरी : गंज सुटला आहे, औषध संपलं आहे.
• वर तेलाचा तवंग, किंवा दुधाळ : इंजिनाचं तेल मिसळते आहे. कूलंट बदलून हे सुटणार नाही, आधी हेड गॅस्केट तपासा.
• गाळ, चोथा : दोन प्रकार मिसळले आहेत, किंवा गळती बुजवायची पावडर टाकलेली आहे.

४) ताकद मोजा. बॅटरीच्या ॲसिडसाठी असतो तसा कूलंटसाठी वेगळा हायड्रोमीटर मिळतो. त्यावरून ग्लायकॉल किती आहे ते कळते. बाजारात स्वस्तात मिळणारं नुसतं रंगीत पाणी याच्यात लगेच पकडलं जाते. हायड्रोमीटर स्वतः घ्यायची गरज नाही, बऱ्याच मोठ्या गॅरेजमध्ये असतो.

५) मल्टिमीटर लावून पाहा. शेतात मोटरपंपासाठी अनेकांकडे मल्टिमीटर असतोच. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद आणि थंड असताना झाकण उघडून लाल तार कूलंटमध्ये बुडवा, धातूला लागू देऊ नका. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाखवलं तर कूलंट ठीक. ०.३ च्या वर गेलं तर गंजरोधक औषध संपलं आहे आणि आत धातू खाल्ला जातो आहे, असं समजा.

इतकं करूनही प्रकार कळला नाही, तर वरून भर घालू नका. सगळं काढून, आतून धुऊन, एकच ओळखीचं कूलंट भरणे हाच खरा मार्ग.

दुकानात काय मागायचं

रंग सांगून मागू नका, डब्यावरचं मानक वाचा. भारतीय मानक आयएस ५७५९ आहे. जपानी मानक जेआयएस के २२३४ आणि अमेरिकन एएसटीएम डी ३३०६ हेही डब्यांवर दिसतात. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी एएसटीएम डी ६२१० हे वेगळं मानक आहे. ज्या डिझेल इंजिनात लायनर थेट पाण्यात असतात, तिथे कंपामुळे लायनरला बाहेरून बारीक भोकं पडतात, ती रोखायची औषधं त्यात असतात. ट्रक आणि मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

कूलंट दोन तऱ्हेनं मिळते. एक कॉन्संट्रेट, ज्यात पाणी आपण मिसळायचं. दुसरं तयार मिश्रण, जे तसंच ओतायचं. डब्यावर नीट वाचा. कॉन्संट्रेट नुसतं भरलं तर जास्त चांगलं, असा एक गैरसमज आहे. नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे गाडी उलट जास्त गरम होते. निम्मं-निम्मं हेच प्रमाण ठेवा.

मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीच्या दुकानात मिळते, पण "बॅटरीचं पाणी" मागताना ॲसिड हातात पडणार नाही हे पाहा. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण अडचणीपुरतंच.

बदलायची पद्धत

लागणारं सामान : दोन टब, पाना-पक्कड, नरसाळं, माप असलेला डबा, हातमोजे, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. मारुती ८०० सारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. धुताना इंजिन चालू करायचं असेल तेव्हा ती परत जोडा आणि पंख्यापासून हात दूर ठेवा.

पायरी १ : गाडी रात्रभर थंड झालेली असावी. झाकणावर जाड फडकं टाकून हळू उघडा. केबिनमध्ये हीटर असेल तर त्याचं बटन पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हीटरमधलं जुनं पाणीही निघते.

पायरी २ : रेडिएटरच्या खालचा ड्रेन कॉक उघडा. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो, जोर लावला तर तुटतो. तसं वाटलं तर खालचा होज पाइप सोडा. इंजिन ब्लॉकला वेगळा ड्रेन बोल्ट असेल तर तोही काढा, कारण निम्म्याच्या आसपास पाणी ब्लॉकमध्येच राहते. निघालेलं कूलंट मोजा आणि डब्यात भरून ठेवा.

पायरी ३ : कॉक बंद करून साधं स्वच्छ पाणी भरा. इंजिन चालू करा. वरचा होज पाइप गरम लागेपर्यंत चालवा, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पाणी सोडा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत असं दोन-तीन वेळा करा. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरनं करा.

संडास साफ करायचं ॲसिड रेडिएटरमध्ये टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती गाडी मारते. ॲसिड क्षारासोबत पितळ, डाग आणि ॲल्युमिनियमही खाते. थर फारच असेल तर रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडून नळ्या साफ करून घ्या.

पायरी ४ : आता हिशेब. समजा पुस्तकात एकूण ८ लिटर लिहिलं आहे, पण कॉक उघडल्यावर साडेपाच लिटरच निघते. म्हणजे अडीच लिटर पाणी आतच आहे. आपल्याला ८ लिटरमध्ये निम्मं, म्हणजे ४ लिटर कॉन्संट्रेट पाहिजे. तेव्हा आधी ४ लिटर कॉन्संट्रेट ओता, मग दीड लिटर डिस्टिल्ड वॉटर. इथे जर साडेपाच लिटर तयार मिश्रण ओतलं, तर आतल्या पाण्यात मिसळून ग्लायकॉल जेमतेम ३४ टक्के राहील. तयार मिश्रण वापरायचं असेल तर ब्लॉकचा बोल्ट काढून सगळं पाणी आधी काढलंच पाहिजे.

पायरी ५ : हवा काढा. हे काम सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. कूलंट हळूहळू ओता. झाकण उघडं ठेवूनच इंजिन मंद चालवा आणि वरचा पाइप फडक्यानं धरून दाबत राहा. बुडबुडे निघतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घाला. बुडबुडे थांबले की झाकण लावा. गाडीचं तोंड थोडं चढाकडे ठेवलं तर हवा लवकर निघते. काही गाड्यांत हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो.

पायरी ६ : बाजूच्या बाटलीत दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवा. पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पातळी पाहा, थोडी उतरलेली असतेच. झाकणाखाली चिठ्ठी चिकटवा : कोणतं कूलंट, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला. पुढच्या मालकालाही उपयोगी पडेल.

यासोबत हेही पाहून घ्या

झाकण : यावर ०.९ किंवा १३ असे आकडे असतात, तो दाब आहे. रबर कडक झालं असेल तर दाब धरत नाही आणि कूलंट चांगलं असूनही उकळते. तेवढ्याच आकड्याचं नवं घ्या.

होज पाइप आणि फॅन बेल्ट : पाइप दाबून पाहा. भेगा, फुगवटा किंवा जास्त मऊपणा असेल तर बदला. बेल्ट सैल असेल तर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंद फिरतात.

थर्मोस्टॅट : आपल्याकडे अनेक मिस्त्री "गरम प्रदेश आहे, याची गरज नाही" म्हणून तो काढूनच टाकतात. मग इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते. काढण्याआधी तपासा. भांड्यात पाणी तापवून त्यात दोरीनं लटकवा. पाणी उकळायच्या आधी तो उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाका.

जाळी : सोयाबीन काढणीत हडंब्याजवळ ट्रॅक्टर उभा असला की भुसा सगळा रेडिएटरच्या जाळीत जातो. पऱ्हाटीच्या वावरातही तेच. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, कमी दाबाचं पाणी किंवा हवा मारून साफ करा. जोराच्या फवाऱ्यानं जाळीच्या पात्या वाकतात.

जुने आयशर २४२ सारखे ट्रॅक्टर हवेवर थंड होतात. त्यात रेडिएटरच नाही, तिथे इंजिनाच्या पात्या साफ ठेवणे हेच काम.

तापमानाचा काटा : २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमानाची बातमी सगळीकडे फिरली होती आणि नंतर ती यंत्रातली चूक निघाली. गाडीच्या काट्याचंही तसंच आहे, फक्त इथे चूक उलट होते. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडतो, तर काटा खाली येऊ शकतो आणि आपण निर्धास्त राहतो. चालत्या गाडीत काटा अचानक उतरला तरी थांबून पाहा.

रस्त्यात गाडी गरम झाली तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, गाडी सावलीत बाजूला घ्या. काटा लालवर गेला असेल तर इंजिन लगेच बंद. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला किंवा ब्लॉकला भेग जाऊ शकते. थंड झाल्यावर जे पाणी मिळेल ते टाकून जवळच्या गावापर्यंत जाता येते, पण नंतर ते काढून योग्य मिश्रण भरायचं हे विसरू नका.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून हा प्रश्न वाढीव महत्त्वाचा झाला आहे. हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईच्या टोकापर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटर रस्ता सुरू झाला. जुनी गाडी गावात ठीक चालते, पण तासन् तास एकाच वेगात पळवली की थंड करणाऱ्या यंत्रणेची खरी परीक्षा होते. शिर्डीला निघण्याआधी टायरसोबत कूलंटही पाहा.

जुनं कूलंट नाल्यात, गोठ्याजवळ ओतू नका

बातमीतला हा भाग घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. कूलंट गोड असते म्हणून कुत्रं, मांजर, शेळी, वासरू ते पिते. लेकरंही रंग पाहून तोंडाला लावू शकतात. मोठ्या माणसालाही साधारण १०० मिलिलिटर जिवावर बेतू शकते. आधी दारू प्यायल्यासारखे झोक जातात, उलट्या होतात. मध्ये थोडं बरं वाटते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. बरं वाटते म्हणून थांबू नका.

माणसानं प्यायलं तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करा, किंवा थेट ग्रामीण रुग्णालय अथवा नागपूरच्या मेडिकलमध्ये न्या. कूलंटचा डबा सोबत घ्या. जनावरासाठी १९६२ हा क्रमांक आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट उपयोगी पडतो.

काढलेलं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात "विष" लिहा आणि मोठ्या गॅरेजमध्ये जमा करा. थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. सांडलेल्या जागी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून उचलून घ्या, आणि जनावरं सोडण्याआधी जागा पाण्यानं धुवा.

कूलंट वारंवार कमी होत असेल तर

बाहेर गळती दिसत नाही, तरी दर आठवड्याला भर घालावी लागते, अशी तक्रार जुन्या गाड्यांत असते. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, तेलाच्या काडीवर दुधाळ थर, यातलं एकही दिसलं तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत राहू नका. गळती बुजवायच्या पावडरी बारीक नळ्याही बुजवतात, त्यामुळे तो उपाय घरी पोहोचण्यापुरताच.

वर्षानुवर्षं नुसत्या पाण्यावर चाललेल्या ट्रॅक्टर-जीपमध्ये पहिल्यांदा कूलंट टाकल्यावर काही ठिकाणी नवी गळती दिसते. कूलंटनं भोक पाडलं असं नव्हे. भोक आधीचंच असते, क्षारानं बुजलेलं असते, ते धुतल्यावर उघडं पडते. पहिले आठ दिवस रोज सकाळी गाडीखाली आणि पातळीकडे एक नजर टाका. गळती आताच कळलेली बरी, भर उन्हात चढावर कळण्यापेक्षा.